छायाचित्रातील चांदी काळी का दिसते, आणि ती चमकते केव्हा

जुने कृष्णधवल छायाचित्र खिडकीच्या उजेडात तिरके धरले, की पुष्कळदा त्याच्या कडांवर आणि गडद भागांवर एक निळसर, आरशासारखी झाक दिसते. समोरून पाहताना ती जाणवत नाही. कागद किंचित कलला, की आजोबांचा काळा कोट एकाएकी पत्र्यासारखा लकाकतो. अनेकांना ही झाक म्हणजे जुन्या छपाईची शान वाटते. वस्तुतः ती ऱ्हासाची खूण आहे. आणि तरीही नेमकी अशीच धातुमय झळाळी आपल्या छपाईत उतरावी, म्हणून छायाचित्रकारांनी पावणेदोनशेहून अधिक वर्षे नाना खटपटी केल्या. एकच दृश्य कोठे कला आणि कोठे रोग ठरते, हे समजण्यासाठी चांदीच्या एका विलक्षण स्वभावाकडे पाहावे लागते.

कृष्णधवल छायाचित्रातील काळा रंग म्हणजे शाई नव्हे, काजळी नव्हे. ती धातुरूप चांदी आहे. दृश्य प्रकाशापैकी सुमारे ९५ टक्के प्रकाश परत फेकणारी चांदी ही सर्व धातूंमध्ये सरस परावर्तक मानली जाते. मिठाईवरचा वर्ख आणि छायाचित्रातला काळोख हे एकाच मूलद्रव्याचे दोन अवतार आहेत. हा फरक चांदीच्या प्रमाणामुळे पडत असेल, अशी शंका येईल. पण साधा हिशेब ती दूर करतो. ब्रोमाइड कागदावर दर चौरस मीटरला साधारण एक ते दोन ग्रॅम चांदी असते. दीड ग्रॅम धरू. चांदीची घनता दर घनसेंटिमीटरला १०.५ ग्रॅम, म्हणजे पूर्ण काळ्या पडलेल्या एक चौरस मीटर कागदावरची सगळी चांदी सपाट पसरली, तर सुमारे १४० नॅनोमीटर जाडीचा थर होईल. दुर्बिणीच्या आरशावर चांदीचा मुलामा द्यायला एवढी जाडी पुरेशी असते. म्हणजे प्रत्येक काळ्या छायाचित्रात एक आरसा होण्याइतका धातू हजर असतो. तो आरसा होत नाही, कारण त्याची घडण तशी नसते.

छायाचित्रणाचा जन्म मात्र आरशावरच झाला. ७ जानेवारी १८३९ रोजी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत फ्रांस्वा आरागो यांनी लुई डागेर यांच्या शोधाची वार्ता दिली आणि १९ ऑगस्टला संपूर्ण कृती जाहीर झाली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा. तो आरशासारखा घासून लख्ख केलेला. त्यावर आयोडिनची वाफ. मग कॅमेऱ्यातला प्रकाश. मग पाऱ्याची वाफ. जेथे प्रकाश पडला तेथे चांदी आणि पारा यांच्या मिश्रणाचे सूक्ष्म कण जमत. ते प्रकाश सर्व दिशांना विखुरत, म्हणून पांढरे दिसत. जेथे प्रकाश पडला नाही तेथे कोरा आरसा शिल्लक राही, आणि समोर काळे कापड धरले, की तोच आरसा काळा दिसे. पत्रा जरा फिरवावा, तर उजळ भाग काळे आणि काळे भाग उजळ! डागेरोटाइपमध्ये चांदी चमकते ती अशी: चित्र कणांचे, आणि चमक त्यांच्यामागच्या पत्र्याची.

हे कण इतके अलगद बसलेले असत, की बोट लागले तरी चित्र पुसले जाई. त्यावर १८४० मध्ये इप्पोलित फिझो या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने उपाय काढला. सोन्याचे क्लोराइड आणि हायपो यांचे द्रावण पत्र्यावर ओतून तो खालून तापवायचा. सोन्याचा अतिशय पातळ थर कणांवर बसे, चित्र टिकाऊ होई आणि त्याला उबदार छटा येई. याच फिझोने पुढे १८४९ मध्ये दातेरी चाकाच्या साहाय्याने प्रकाशाचा वेग मोजला. पाठ्यपुस्तकांत त्याचे हे दुसरे काम येते, पहिले सहसा येत नाही. सोन्याचा हा थर मात्र लक्षात ठेवावा, पुढे त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

हिंदुस्थानात ही विद्या आश्चर्यकारक वेगाने पोहोचली. १८३९ सालीच डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे प्रकाशचित्रणाचे आपले प्रयोग मांडले. पुढे देशातील तारयंत्राची उभारणी करणारे ओशॉनेसी ते हेच. दुसऱ्या वर्षी कलकत्त्यात डागेरच्या पद्धतीचे कॅमेरे विक्रीस आल्याची जाहिरात झाली. पण पाऱ्याची वाफ, महागडा पत्रा आणि एका चित्राची एकच प्रत, या अडचणींमुळे डागेरोटाइप येथे फार रुजला नाही. भारतात घेतलेले असे पत्रे आज फारच थोडे उरले आहेत. १८५४ मध्ये मुंबईत आणि १८५६ मध्ये कलकत्ता व मद्रास येथे छायाचित्रण संस्था स्थापन झाल्या. मुंबईच्या संस्थेत डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा वावर होता. एव्हाना जमाना कागदाचा झाला होता.

कागदाची वाट इंग्लंडच्या टॉल्बटने दाखवली आणि त्या वाटेवर चमक हरवली. कागदाच्या तंतूंत रुतलेली चांदी मऊ, निस्तेज, तपकिरी दिसे. १८५० मध्ये ब्लांकार-एव्हरार या फ्रेंच गृहस्थाने कागदाला अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिला, तेव्हा चित्र तंतूंच्या वर आले आणि त्याला गुळगुळीत तकाकी मिळाली. ही तकाकी अंड्याच्या बलकाविरहित भागाची; चांदीची नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बहुतेक भारतीय छायाचित्रे, लाला दीनदयाळ यांची प्रासादचित्रे आणि दरबारचित्रेही, याच कागदावर छापलेली आहेत. हा कागद निगेटिव्हखाली उन्हात ठेवायचा. ऊनच चित्र उमटवी, रसायनाने ते विकसित करावे लागत नसे. अशा रीतीने निर्माण होणारे चांदीचे कण काही दशक नॅनोमीटर आकाराचे, जवळजवळ गोल असतात. त्यांच्यातील इलेक्ट्रॉन विशिष्ट रंगाच्या प्रकाशाशी एका तालात डोलतात आणि तो रंग शोषून घेतात. म्हणून चित्र तांबूस दिसते. मग ते सोन्याच्या द्रावणात बुडवीत. चांदी सोन्याला जागा देई आणि रंग जांभळट तपकिरीकडे झुके. हातात सोन्याचा थर आहे आणि तरी सोनेरी रंगाचा मागमूस नाही! मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे दाखवले, की पाण्यात सूक्ष्म कणरूपाने पसरलेले सोने माणकासारखे लाल दिसते. या रंगांचे गणिती स्पष्टीकरण गुस्टाव्ह मी यांनी १९०८ मध्ये दिले. धातूचा रंग धातू किती बारीक केला आहे यावर अवलंबून असतो, हे छायाचित्रकार रोज पाहत होते. त्याचा सिद्धांत मांडायला मात्र अर्धशतक लागले.

पुढे जिलेटिनचे कागद आले. यात प्रकाशाचा क्षणभर स्पर्श पुरतो आणि उरलेले काम डेव्हलपर करतो. चांदीच्या ब्रोमाइडच्या स्फटिकावर प्रकाशाने चांदीच्या काही अणूंचा बारीक पुंजका तयार होतो. डेव्हलपरमधील इलेक्ट्रॉन त्या पुंजक्यातून आत शिरतात आणि स्फटिकातील सगळी चांदी मोकळी करतात. ही मोकळी झालेली चांदी गोळ्यासारखी साठत नाही. ती धाग्यांच्या रूपाने बाहेर पडते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली असा कण काथ्याच्या गुंत्यासारखा दिसतो. प्रकाश या गुंत्यात शिरतो, एका धाग्यावरून दुसऱ्यावर आपटतो, प्रत्येक आपटीला थोडा शोषला जातो आणि बाहेर येण्यापूर्वी संपतो. धागे निरनिराळ्या लांबीजाडीचे असल्याने निरनिराळे रंग सारखेच शोषले जातात, म्हणून काळा रंग तटस्थ दिसतो. गुळगुळीत थरात हेच इलेक्ट्रॉन आपल्या शेजाऱ्यांशी ताल जुळवून सारा प्रकाश एकाच दिशेने परत धाडतात. गुंत्यात तो ताल मोडतो. प्लॅटिनमची कथाही वेगळी नाही. विल्यम विलिस यांनी १८७३ मध्ये पेटंट घेतलेली प्लॅटिनम छपाई सर्वांत टिकाऊ आणि श्रीमंती मानली गेली. पण त्या छायाचित्रांत चमकेचा लवलेशही नसतो. प्लॅटिनमचे बारीक कण कागदाच्या तंतूंत राखाडी मखमलीसारखे पसरतात.

आता ज्यांना चमक हवीच होती, त्यांनी काय केले? सर्वांत सोपा मार्ग भारतातील प्रत्येक स्टुडिओत होता: ग्लेझर. ओला ब्रोमाइड प्रिंट क्रोमच्या चकचकीत पत्र्यावर पालथा दाबायचा, तापवायचा. सुकल्यावर तो आपोआप सुटून येई आणि काचेसारखा चमके. ही चमक जिलेटिनची. तिने काळा रंग अधिक गडद दिसतो, धातू दिसत नाही.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात एडवर्ड कर्टिस यांनी आदिवासी जीवनाची आपली प्रसिद्ध छायाचित्रे निराळ्याच पद्धतीने विकली. चित्र कागदावर न छापता काचेवर छापायचे आणि काचेच्या मागून ब्राँझच्या भुकटीचा सोनेरी रंग द्यायचा. प्रकाश चित्राच्या पारदर्शक भागातून आत जाई आणि मागच्या सोन्यावरून परते. आकाश आणि पाणी अक्षरशः उजळून निघे. तत्त्वतः हा डागेरचाच आरसा, फक्त काचेच्या पलीकडे ठेवलेला. ब्राँझची ती भुकटी गोल कणांची नसते, सपाट पापुद्र्यांची असते. म्हणूनच ती चकाकते.

खुद्द कागदावरील चांदीलाच आरसा बनवण्याचा मार्ग मात्र अपघातांतून सापडला. डेव्हलपरमध्ये हायपोसारखे चांदीचे क्षार विरघळवणारे द्रव्य मिसळले गेले, तर चित्रावर द्विरंगी धुके येते, हे डार्करूममधील जुनी माणसे जाणत. निगेटिव्ह आरपार पाहिली तर ते तांबूस, परावर्तित प्रकाशात हिरवट दिसते. कारण असे, की विरघळलेली चांदी पुन्हा अत्यंत सूक्ष्म कणांच्या रूपाने भलत्याच जागी बसते. वर्षानुवर्षे दोष म्हणून टाळलेल्या या प्रक्रियेला काहींनी मुद्दाम जवळ केले. डॉमिनिक मान-किट लॅम आणि ब्रायंट रॉसिटर यांनी १९९१ मध्ये सायंटिफिक अमेरिकन मासिकात तिचे वर्णन क्रोमोस्केडॅसिक चित्रण म्हणून केले. नावाचा अर्थ, विखुरण्यातून निर्माण होणारा रंग. साधा कृष्णधवल कागद, एक क्षारधर्मी द्रावण, दुसरे चांदीचे क्षार विरघळवणारे द्रावण, आणि उजेड. कोठेही रंगद्रव्य नाही. तरी कागदावर पिवळा, तांबूस, तपकिरी असे रंग उमटतात आणि जेथे कण पृष्ठभागावर दाटीने बसतात तेथे चंदेरी मुलामा चढतो. बर्कलेचे रसायनशास्त्रज्ञ विल्यम जॉली यांनीही या क्षेत्रात प्रयोग केले. डार्करूममध्ये खरीखुरी धातुमय झळाळी मिळवण्याची ही सर्वांत प्रामाणिक रीत म्हणावी लागेल. अर्थात ती लहरी आहे. एकच चित्र दुसऱ्यांदा तसेच येईल याची हमी नाही.

रंगीत छपाईच्या आजच्या मेटॅलिक कागदात तर धातू औषधालाही नसतो. चित्राखालच्या थरात अभ्रकाचे सूक्ष्म पापुद्रे मिसळलेले असतात आणि त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींच्या व्यतिकरणातून मोत्यासारखी झाक येते. हे भौतिकशास्त्र भारताला अपरिचित नव्हते. अभ्रकाच्या पापुद्र्यांतील रेषांचे रंग हा सी. व्ही. रामन यांच्या कलकत्त्यातील आरंभीच्या अभ्यासविषयांपैकी एक होता आणि १९३० च्या दशकात बंगळुरूमध्ये त्यांनी शिंपल्यांच्या झळाळीवर लेखमाला लिहिली. झारखंडातील कोडरमा आणि गिरिडीह भागातला अभ्रक आजही मोतिया रंगद्रव्यांसाठी जगभर जातो. त्या खाणींत राबणाऱ्या मुलांचा प्रश्न हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आरंभी सांगितलेली निळसर झाक मात्र कोणी ठरवून आणलेली नाही. ती आपोआप येते, आणि तिची यंत्रणा क्रोमोस्केडॅसिक चित्रणाची जुळी बहीण आहे. फक्त मिनिटांऐवजी दशके लागतात. हवेतील ऑक्सिडीकारक द्रव्ये चित्रातील चांदीच्या धाग्यांवर हल्ला करतात. ही द्रव्ये निकृष्ट पुठ्ठ्यातून येतात, नुकत्याच तैलरंग दिलेल्या कपाटातून येतात, शहराच्या धुरातून येतात. धातूचे आयन होतात. दमट हवेत फुगलेल्या जिलेटिनमधून हे आयन सरकत पृष्ठभागापर्यंत पोहोचतात आणि तेथे पुन्हा चांदी किंवा चांदीचा सल्फाइड बनून बारीक कणांच्या रूपाने दाटीने बसतात. कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळच लहान आणि एकमेकांना अगदी खेटून असले, की त्यांचा थर सलग धातूच्या पापुद्र्यासारखा वागू लागतो. काळ्या भागात चांदी अधिक, म्हणून झाक तेथे अधिक. कडांकडून हवा शिरते, म्हणून सुरुवात कडांपासून.

या प्रक्रियेकडे जगाचे लक्ष गेले ते मायक्रोफिल्ममुळे. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील अभिलेखागारांत साठवलेल्या फिल्मवर तांबूस सूक्ष्म ठिपके आढळू लागले. कागदपत्रे चिरंतन राहावीत म्हणून ज्या फिल्मवर उतरवली, तीच डागळू लागली. कोडॅकचे संशोधक हेन आणि वीस्ट यांनी १९६३ मध्ये या ठिपक्यांचे स्वरूप उलगडले आणि उपाय सुचवला तो सोन्याचा: चांदीच्या धाग्यांवर सोन्याचे आवरण चढवणे. फिझोच्या कृतीला तेव्हा १२३ वर्षे झाली होती. पुढे रॉचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटमधील अभ्यासातून दिसले, की सेलेनियम टोनिंगवर ठेवला जाणारा भरवसा पुरेसा सार्थ नाही, आणि चांदीचे सल्फाइडमध्ये रूपांतर करणे अधिक खात्रीचे आहे. म्हणजे जुन्या स्टुडिओंतले सडक्या अंड्यासारख्या वासाचे सेपिया टोनिंगच! ज्या ग्राहकांनी शोभेसाठी चार पैसे जास्त मोजून तपकिरी फोटो काढून घेतला, त्यांच्या नातवंडांकडे तो फोटो आज बहुधा शेजारच्या काळ्या फोटोपेक्षा चांगल्या स्थितीत आहे.

भारतासाठी हा प्रश्न केवळ कौटुंबिक आल्बमचा नाही. विसाव्या शतकातील बरेचसे विज्ञान चांदीवरच लिहिले गेले. कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत १९०४ पासून सूर्याची श्वेतप्रकाशातील आणि १९०७ पासून कॅल्शियमच्या रेषेतील छायाचित्रे घेतली गेली; जवळजवळ शंभर वर्षे, आकाश निरभ्र असेल त्या दिवशी. बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने या काचेच्या प्लेटा आणि फिल्म यांचे डिजिटायझेशन करून सूर्याच्या इतक्या दीर्घ अखंड नोंदी जगभरच्या अभ्यासकांना खुल्या केल्या. अशा प्लेटेत काळेपणा हीच मोजणी असते. सौरडागाचे क्षेत्रफळ, तेजस्वी पट्ट्यांची तीव्रता, सगळे चांदीच्या घनतेवरून काढले जाते. चांदी जागा सोडून पृष्ठभागावर सरकू लागली, की आकडाच सरकतो. म्हणून वेळेत घेतलेली डिजिटल प्रत ही येथे सोय नसून मूळ मापनाचे रक्षण असते.

वेधशाळेपाशी निदान संस्था आहे. छोट्या गावांतील स्टुडिओंच्या निगेटिव्ह मात्र माळ्यावर, पुठ्ठ्याच्या खोक्यांत, पावसाळ्यात ८० टक्क्यांवर जाणाऱ्या आर्द्रतेत पडून आहेत. उटी येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’ कागद त्यांतल्या अनेकांनी वापरला होता. इंदू म्हणजे चंद्र, आणि युरोपातील किमयागार चांदीला चंद्राचाच धातू म्हणत; नाव देणाऱ्याच्या मनात हे होते की नाही, कोण जाणे. कारखाना आता बंद आहे. त्या कागदावर उमटलेले चेहरे जेथे आहेत तेथे हळूहळू चंदेरी होत आहेत.

ही झाक खोडरबराने किंवा मऊ कापडाने घासून काढण्याचा सल्ला जुन्या स्टुडिओंत दिला जाई आणि आजही दिला जातो. झाक निघते, हे खरे. पण कापडावर जी काळी पूड येते ती बाहेरची धूळ नसते, चित्राच्या आतून वर आलेली चांदी असते. प्रत काढण्यासाठी ती पुसण्याची गरजही नाही. दिव्यांवर एक ध्रुवक आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर त्याला काटकोनात दुसरा ध्रुवक लावला, की आरशासारखा परतणारा प्रकाश अडतो आणि खालचे चित्र स्वच्छ येते. शक्य असेल तेथे ध्रुवकाविना, तिरक्या उजेडात आणखी एक प्रतिमा घेऊन ठेवावी. झाक त्या वर्षी कोठवर पोहोचली होती, हे तिच्यात दिसते, आणि दहा वर्षांनी तीच प्रतिमा पुन्हा घेतली, तर चांदी किती सरकली ते मोजता येते.